सहाव्या रस्त्याचं गाणं

आधीच माफी मागते. मी चौथीपर्यंत शिकले. ऱ्हस्व-दीर्घ मला कळत नाही आणि माझं अक्षर ओळीवर बसत नाही. डावीकडून निघालं की उजवीकडे पोचेपर्यंत वर चढतं. ही वही माझ्या मुलीची, रूपालीची. तिच्या नर्सिंगच्या वहीची मागची पानं कोरी राहिली होती, त्यावर लिहिते आहे. कोणाला दाखवायचं नाही. माफी मागते ती रतनभाऊंची, कारण त्यांच्याबद्दल लिहायचं आहे आणि त्यांना वाकडंतिकडं काही सहन होत नसे. एखादा सूर इकडचा तिकडे झाला तरी दाढ दुखल्यासारखं तोंड करायचे.

रतनभाऊ मेहकरला आमच्या शेजारी राहायचे. दोन घरांत एकच भिंत. माणूस उंच, बारीक, खांदे पुढे आलेले. दोन्ही कानांत कापसाचे बोळे. लोकांना वाटायचं सर्दी आहे. पण ते कान जपायचे. लग्नाच्या दिवसांत अमडापूरच्या एका बँड पार्टीत कीबोर्ड वाजवायचे, आणि बाकीचं वर्षभर बसस्टँडमागच्या व्हिडिओ गेमच्या दुकानात बसायचे. दुकान एका शेठचं. सहा टीव्ही, सहा मशिनी. पोरं अर्ध्या तासाचे पैसे देऊन खेळायची. माझ्या नवऱ्याची पाठ जिनिंगमध्ये कापसाची गठाण उचलताना धरली, तेव्हा रतनभाऊंनीच मला तिथे झाडायला लावून दिलं.

सकाळी दुकान उघडायच्या आधी मी झाडायची, टीव्हीच्या काचा पुसायची. रतनभाऊ मशिनी चालू करून बघायचे. सगळ्या मशिनी ते पटपट बघत. एका मशिनीपाशी मात्र थांबत. त्यात मोटारींच्या शर्यतीची एक कॅसेट होती. वरचं चित्र अर्धं फाटलेलं, लाल गाडी आणि नारळाच्या झाडाचा शेंडा तेवढा उरलेला. नाव गेलेलं. ते गेम सुरू करायचे आणि गाडी हाकायचेच नाहीत. गाडी सुरुवातीच्या रेघेवर उभी, बाकीच्या गाड्या निघून गेलेल्या, आणि रतनभाऊ टीव्हीला कान लावून बसलेले. एक मिनिट झालं की वेळ संपायचा, गेम बंद व्हायचा. ते परत लावायचे. परत गाडी उभीच.

मला वाटलं, यांना खेळता येत नाही आणि शरम वाटते. मलाही बऱ्याच गोष्टींची शरम वाटते, म्हणून मी तिकडे पाहायचं टाळायची.

एक दिवस ते म्हणाले, "ताई, इकडे या जरा. हे धरा."

मी झाडू तसाच हातात घेऊन उभी राहिले.

"झाडू ठेवा न. हे हातात घ्या. हे बटण दाबलं की गाडी पळते, इकडून डावी, इकडून उजवी."

"मले नाई येत भाऊ."

"येत नाई म्हणूनच तं तुमाले सांगून राह्यलो. ज्याले येते ते पोट्टे सारे धडकवतात."

मग त्यांनी मला समजावून सांगितलं. ते मी अजून विसरले नाही. ते म्हणाले, या डबीत चारच गळे आहेत. दोन गाणारे, एक खालचा सूर धरून बसणारा आणि एक नुसता फस् फस् करून ताल देणारा. पाचवा माणूस नाही. म्हणून गाडीचं टायर घासलं, की त्या चौघांतला एक जण गाणं सोडून टायरचा आवाज काढायला जातो. तेवढा वेळ त्याचा सूर गळतो.

"टायर वाजलं की सूर मेला," ते म्हणाले. "मले आख्खं गाणं आयकाचं आहे. उभ्या गाडीत एकच मिनिट आयकाले भेटते. गाडी पुढं गेली तं पुढचं भेटन. पण कोणाले धक्का लागला नाई पाहिजे, अन टायर वाजलं नाई पाहिजे."

मी लहानपणापासून गर्दीतून अंग चोरून जाणारी बाई. बाजारात, पाण्याच्या टाकीवर, लग्नात, कोणाला धक्का न लावता कसं निघायचं एवढंच मला नीट येतं. तेच मी त्या गाडीचं केलं. वळण यायच्या आधीच बोट सैल सोडायचं. पुढची गाडी डावीकडे सरकेपर्यंत थांबायचं. महिनाभरात मी पहिला रस्ता पार केला. रतनभाऊ टीव्हीपाशी डोळे मिटून बसलेले, मधेमधे उघडून खिशातल्या सिगारेटच्या पाकिटाच्या कागदावर सा रे ग लिहीत होते. सिगारेट ते ओढत नसत. कागदासाठी पानठेल्यावरून रिकामी पाकिटं आणायचे.

त्या गेममध्ये सहा रस्ते होते, असं पडद्यावर आधी दाखवायचं. पहिला शहरातला, दुसरा वाळूचा, तिसरा समुद्राच्या काठचा, चौथा बोगद्यांचा, पाचवा डोंगराचा. सहाव्या चौकोनात नुसतं एक प्रश्नचिन्ह. प्रत्येक रस्त्याला वेगळं गाणं. गाणं म्हणजे त्यात शब्द नाहीत, नुसता वाजा. पण रतनभाऊ म्हणत, असा वाजा आपल्याकडे कोणी बांधला नाही. चार गळ्यांत एवढं मोठं गाणं, आणि ते संपत नाही, फिरून परत सुरुवातीला येतं, आणि कुठून जोडलं ते ऐकणाऱ्याला कळत नाही.

पाचव्या रस्त्यापर्यंत मी पुष्कळदा गेले. सहाव्याला कधीच नाही. पाचव्याच्या शेवटी मशीन तापून जायची. चित्र जागच्या जागी थांबायचं आणि एकच सूर लांब ताणून राहायचा, बंद करेपर्यंत. रतनभाऊ पुठ्ठ्याने मशिनीला वारा घालायचे. एकदा पाचवा रस्ता खरंच पार झाला. पडदा काळा झाला, आता सहावा येणार, आणि लाइन गेली. भारनियमनाची वेळ बदलली होती, ते आम्हाला माहीत नव्हतं. आम्ही दोघं काळ्या काचेकडे बघत बसलो. काचेत आमचीच तोंडं दिसत होती.

"जाऊ द्या," ते म्हणाले. "आहे तं खरा तिथं. पळून नाई जात."

पण पळून गेला. पोरांच्या हातात मोबाईल आले आणि दुकान ओस पडलं. शेठने टीव्ही आणि मशिनी एका दिवसात भंगारात घातल्या. रतनभाऊंनी ती कॅसेट मागून घेतली. शेठ म्हणाला, "अबे, मशीन नाई तं कॅसेट काय चाटतं काय?" रतनभाऊंनी ती घरी नेली. कॅसेट त्यांनी देव्हाऱ्यासारख्या एका कोनाड्यात ठेवली. त्यांच्या घरी देव नव्हते. बुद्धाची मूर्ती होती, बाबासाहेबांचा फोटो होता, त्याच्या खाली ती कॅसेट. विमलवहिनी, म्हणजे त्यांची बायको, म्हणायची, "आता हिले पण फूल वाहू काय रोज?"

त्यानंतर त्यांना एकच ध्यास लागला, स्वतःचा कीबोर्ड. पार्टीचा कीबोर्ड पार्टीचा, त्याच्या चार पट्ट्या मुक्या. चिखलीला एक जुना मिळत होता. त्यात सहा गाणी साठवून ठेवता येत. सहा म्हटल्यावर मला समजलं. पण पैसे नव्हते. मी आमच्या बचत गटात होते. विमलवहिनी नव्हती, तिला सभेला बसायचा कंटाळा. मी माझ्या नावावर कर्ज उचललं आणि त्यांना दिलं. गटात विचारलं, कशासाठी? मी म्हटलं, शिलाई मशीनसाठी. आयुष्यात मी चारचौघांत बोललेलं ते एकच धडधडीत खोटं.

कीबोर्ड आला. एक ते पाच नंबरांवर त्यांनी पाच रस्त्यांची गाणी बसवली. सहावा नंबर रिकामा.

त्याच वर्षी उंद्री गावातल्या एका लग्नातली गोष्ट झाली. ती मला बँडमास्तरांनी सांगितली, हसून हसून त्यांना खोकला आला होता. वरात निघाली, आणि रतनभाऊंनी सिनेमाचं गाणं सोडून दुसऱ्या रस्त्याचं गाणं लावलं. पोरं नाचायला लागली. अशी चाल त्यांनी कधी ऐकली नव्हती. पण ते गाणं संपेना. संपतच नाही ते. पोरं जागची हलेनात. अर्धा तास वरात त्याच चौकात. नवरीचा मामा धावत आला.

"अहो, हे गाणं संपते कधी?"

"संपत नाई," रतनभाऊ म्हणाले. "तुमी मांडवात पोचले की म्या बंद करतो."

"अन तुमी बंद केल्याशिवाय पोट्टे सरकत नाईत, त्याचं काय?"

दोघंही आपापल्या जागी बरोबर होते. शेवटी मास्तरांनी जनरेटरची वायर उपटली. त्या दिवसापासून रतनभाऊंना लग्नात फक्त सांगितलेली गाणी वाजवायची परवानगी राहिली. त्यांना त्याचं फार वाटलं नाही. घरी येऊन मला म्हणाले, "ताई, अर्धा तास नाचले लोक. वाळूच्या रस्त्यावर, उंद्रीमधी."

सहाव्या नंबराचं गाणं त्यांनी स्वतः बांधायला घेतलं. ते किती वर्षं चाललं ते मला सांगता येणार नाही. रूपाली पाचवीत होती तेव्हा सुरू झालं आणि ती बारावी झाली तेव्हा ते त्यात अजून काहीतरी काढत-घालत होते. ते म्हणायचे, "पाच गाणी आयकली की सहावं कसं असंल ते समजते. घरातली पाच माणसं पाह्यली की सहाव्याचं नाक आपल्याले काढता येते न, तसं."

दुपारी मी ओसरीवर मूग पापड लाटत बसायची, ते भिंतीपलीकडे वाजवायचे. चारच आवाज. पाचवा घालायचा नाही हा त्यांचा नियम. कीबोर्डमध्ये शंभर आवाज होते, पण ते म्हणत, त्या माणसाने चारात केलं तर आपण जास्त कशाला घ्यायचे. मधेच वाजवणं थांबवून विचारायचे.

"ताई, आता रस्ता कोणीकडं वळला?"

मी पोळपाटावरून मान न उचलता सांगायची, "डावीकडं."

"हाव. अन आता?"

"आता चढ आहे. मंग सरळ."

"बरोबर. म्या तसंच केलं."

विमलवहिनी चुलीपासून ओरडायची, "गाडी कुठं नेऊन राह्यले दोघं? येता येता दळण तरी आणा."

एकदा मी विचारलं, "भाऊ, हे बाकीच्या गाण्यांपेक्षा हळू काऊन आहे?"

ते म्हणाले, "पाच रस्ते झाल्यावर पुढं कोण उरलं? सारे मांगं पडले. सहाव्या रस्त्यावर दुसरी गाडीच नसंल. आपली एकटीच. मंग घाई कायची?"

ते गाणं कसं होतं ते मला लिहिता येत नाही. मला सूर कळत नाहीत. एवढंच सांगते की त्यात एक जागा होती, तिथे खालचा सूर धरणारा एकदम गप्प व्हायचा, आणि वरचे दोघं तसेच पुढे जायचे, जमीन नसल्यासारखे. मग तो हळूच परत यायचा. ती जागा आली की माझा हात लाटण्यावर थांबायचा.

हळूहळू बँडचं काम कमी झालं. डीजेचे ट्रक आले. मास्तरांनी पार्टी मोडली. रतनभाऊ कुठे हमाली, कुठे रसवंतीवर, असं करू लागले. माझे पैसे ते जमेल तसे द्यायचे. कधी दोन महिन्यांनी, कधी सहा. गटाचं मी पापडातून केव्हाच फेडून टाकलं होतं, ते त्यांना सांगितलं नाही. मागितलेही नाहीत. खरं लिहायचं तर ते पैसे बाकी राहिलेले मला बरे वाटत. मला माहीत होतं, ते फिटायचे तर कीबोर्ड विकूनच फिटतील. बाकी आहेत तोवर कीबोर्ड भिंतीपलीकडे आहे, आणि सहावं गाणं त्यात आहे. दुसरीकडे कुठेच नव्हतं ते. कागदावर पाचच होती. सहाव्याचं ते म्हणत, पुरं झाल्यावर लिहीन.

मग ती दुपार. रूपाली सुट्टीत घरी आली होती. कोनाड्यातली कॅसेट बघून म्हणाली, "काका, हे कोणती गेम आहे? थांबा, फोटो काढून शोधते." मला वाटलं, अर्ध्या चित्रावरून काय सापडणार. पण पाच मिनिटांत सापडली. कोणीतरी परक्या देशातल्या माणसाने सगळेच्या सगळे सहा रस्ते खेळून ते फोनवर टाकून ठेवले होते.

रतनभाऊंनी कानांतले बोळे काढून खिशात ठेवले. आम्ही ओसरीवर बसलो. वहिनीही आली. पहिला रस्ता, दुसरा, तिसरा. ते ओठ हलवत होते. तो खेळणारा टायर फार वाजवायचा, तेव्हा ते दाढ दुखल्यासारखं करायचे आणि माझ्याकडे बघायचे. पाचवा संपला. पडदा काळा झाला. मी लाइनच्या बोर्डाकडे बघितलं. इतक्या वर्षांनीही.

सहावा रस्ता आला. बर्फाचा होता. आणि गाणं सुरू झालं ते पहिल्या रस्त्याचं.

"रूपा, मांगं गेलं काय ते?"

"नाई काका, सहावाच आहे. हे पाहा, सहा लिहून आहे."

त्यांनी सगळा रस्ता ऐकला. शेवटपर्यंत पहिल्याचंच गाणं होतं. गाड्याही होत्या, चांगल्या गर्दीने. मग गेम संपला, एक चिमूटभर वाजा वाजला, लाइन गेल्यावर परत आल्यासारखा, आणि बारीक अक्षरांत नावं वर सरकू लागली.

"गाणी कोणाची लिहून आहेत?" त्यांनी विचारलं.

रूपालीने वाचलं. एकच नाव होतं, लहानसं.

"एकच माणूस?"

"हाव काका, एकच."

त्यांनी फोन जवळ घेऊन ते नाव बघितलं. मग हसले. "थकला असंल बिचारा. नाईतं डबीत जागा उरली नसंल. म्हणून पहिलंच लावून देल्लं परत." बोळे परत कानांत घातले. "चला. म्हंजे सहावं नव्हतंच. म्या उगाच कोणाच्या घरची खोली शोधत होतो."

विमलवहिनी चहा ठेवायला उठली.

मला तेव्हा काहीतरी सांगायचं होतं. छातीत आलं होतं, पण ते काय आहे ते मला समजेना. मला बोलायला फार वेळ लागतो. लोक उठून जातात, चहाच्या बश्या धुवून होतात, आणि मग मला शब्द सापडतात. ते दोन-तीन दिवसांनी पापड लाटताना सापडले. सहावं गाणं त्या माणसाने केलंच नव्हतं. म्हणजे रतनभाऊंनी केलं ते कोणाचं चुकलेलं दुरुस्त केलेलं नाही, कोणाचं उतरून घेतलेलं नाही. ते एकट्या त्यांचंच आहे. सहाव्या रस्त्याला गाणं आहे ते फक्त मेहकरला, आमच्या भिंतीपलीकडे. एवढं सांगायचं होतं.

मी वाट बघितली. ते वाजवायला बसले की भिंतीवरून सांगू. पण ते वाजवायला बसलेच नाहीत. भिंतीपलीकडे कीबोर्ड झाकून ठेवलेला असायचा, वर वहिनीचं जुनं लुगडं. दोनदा मी त्यांच्या दारापर्यंत गेले. एकदा त्यांनी विचारलं, "काय ताई?" मी म्हटलं, "साखर आहे काय वाटीभर?" साखर घेऊन आले.

पावसाळ्यानंतर त्यांच्या मुलाने त्यांना पुण्याकडे बोलावलं, एका कंपनीत वॉचमनची जागा होती. सामान बांधायला लागले. उंद्रीकडच्या एका भजनी मंडळाचा माणूस दोनदा येऊन कीबोर्ड बघून गेला. तिसऱ्यांदा तो मोटारसायकलवर मागे बांधून घेऊन गेला. मी दारातून बघत होते.

संध्याकाळच्या आधी रतनभाऊ आले. आत आले नाहीत. ओसरीच्या पायरीपाशी उभे राहिले. कानांत बोळे नव्हते. त्या फोनच्या दुपारनंतर ते कान मी पहिल्यांदाच तसे उघडे बघितले, आणि का कोण जाणे, मी मान खाली घातली.

"ताई, हे घ्या. आजवर राह्यलं सारं."

मी पदराला हात पुसून नोटा घेतल्या. "भाऊ, त्यातली गाणी?"

"रिकामा करून देला. त्यानं नव्हतं म्हटलं, म्याच केला. दुसऱ्याच्या घरात आपला पसारा कायले?"

"सहावं पण?"

"तेच पयलं पुसलं." मग म्हणाले, "तुमाले आठवते काय, खालचा गप्प होते ते जागा?"

मी मान डोलावली. तेव्हा सांगायला हवं होतं. शब्द तोंडात होते, तयार होते, कितीतरी महिन्यांपासून तयार होते. रस्त्यावरून कोणीतरी गेलं, त्याने रतनभाऊंना हाक मारली, ते तिकडे वळून "येतो बे" म्हणाले, आणि परत माझ्याकडे वळेपर्यंत मी नोटांकडे बघत होते.

"मोजून घ्या न," ते म्हणाले.

"राहू द्या भाऊ."

"नाई, मोजा. माह्यासमोर मोजा."

मी मोजले. वरच्या नोटा नव्या होत्या, भजनी मंडळाच्या. खालच्या त्यांच्या स्वतःच्या, घामाने मऊ झालेल्या. मी दोनदा मोजले, सावकाश, म्हणजे त्यांना आणखी थोडं उभं राहावं लागेल. एक नोट तरी कमी निघावी असं वाटत होतं.

कमी निघाली नाही. पैसे पुरे होते.